दाराच्या कडीतली लाल झेंडी

आमच्या घरी दर रविवारी सात महिन्यांची नात येते आणि तिची आजी तिला हात लावत नाही. लावत नाही म्हणजे लावू दिला जात नाही. माझा मुलगा परभणीहून सकाळच्या गाडीनं बायको-मुलीला घेऊन पूर्णेला येतो, जेवतो आणि दुपारच्या गाडीनं परत जातो. तेवढ्या वेळात लेकरू सुनेच्या मांडीवर असतं, नाहीतर त्याच्या खांद्यावर, नाहीतर माझ्याजवळ. आजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून लांबून चुटक्या वाजवते. नात तिच्याकडे झेपावते. मुलगा तिला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतो. दुधाची बाटली सून पिशवीतून घेऊन येते. आमच्या घरातलं उकळलेलं पाणीसुद्धा ती वापरत नाही. सून वाईट नाही. तिला तसं सांगितलेलं आहे. परवापरवापर्यंत हे असंच चालत होतं.

बायको याबद्दल माझ्याशी कधी बोलली नाही. बोलायला मीच हवं होतं, तेही तिच्याशी नव्हे, मुलाशी. यामागची गोष्ट नातीच्या जन्माआधीची आहे; सहा वर्षं मी बोललो नाही. गेल्या महिन्यात बोललो, आणि बोलून बरं केलं की वाईट, हे मला अजून कळलेलं नाही. म्हणून सगळं लिहून काढतो आहे. कुठून सुरुवात झाली हे नक्की माहीत नसल्यामुळे क्रम लागेलच असं नाही.

मी रेल्वेत मालगाडीचा गार्ड होतो. गाडीच्या शेवटच्या डब्यात एकटा बसणारा माणूस. हातात हिरवी आणि लाल झेंडी, पायाशी लोखंडी पेटी आणि मांडीवर एक कागद. गाडी कुठल्या स्टेशनात किती वाजता आली, किती वाजता सुटली, हे त्या कागदावर लिहायचं आणि उशीर झाला असेल तर त्याचं कारण लिहायचं. कारणाशिवाय एक मिनिट सोडता येत नसे. पाच मिनिटं इंजिनाची, सात सिग्नलची, वीस क्रॉसिंगची, म्हणजे समोरची गाडी जाऊ देण्याची. ज्याच्या नावावर मिनिटं पडत त्याला वरून जाब विचारला जाई. त्यामुळे ड्रायव्हर, स्टेशनमास्तर आणि आम्ही गार्ड यांच्यात कायम तक्रारी चालत. "आमच्या नावावर नका टाकू, गार्डसाहेब," हे वाक्य मी नोकरीत इतकं ऐकलं की तेवढा नमस्कारही ऐकला नसेल.

मुलगा चार-पाच महिन्यांचा असताना चुडाव्याला माझी अकरा मिनिटं गेली. दुपारची वेळ, कडक ऊन. आमची मालगाडी बाजूच्या लाइनीत उभी होती, समोरून एक्स्प्रेस जायची होती. ती गेली, आम्हाला सिग्नल मिळाला, ड्रायव्हरनं शिट्टी दिली. मी हिरवी झेंडी दाखवली की गाडी सुटायची. झेंडी काही दिसेना. ड्रायव्हरनं पुन्हा शिट्टी दिली, मग आणखी एकदा. शेवटी त्याचा मदतनीस तापलेल्या खडीवरून चाळीस डबे मागं चालत आला आणि त्यानं माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"गार्डसाहेब, जिवंत हाव का गेलाव?"

मी बसल्या जागी झोपलो होतो. उठलो तेव्हा कागद वाऱ्यानं डब्याच्या कोपऱ्यात गेला होता. पुढच्या स्टेशनात ड्रायव्हर स्वतः उतरून आला. "अकरा मिनटं हायत. काय लिवणार? माझ्यावर नका टाकू."

मी म्हणालो, "गुरं लिवतो. रुळावर गुरं आली."

तो हसला. "गुरं बरी हायत. त्यांला कोण इचारतंय?"

ही गोष्ट मी पुढं घरी किती वेळा सांगितली असेल. पाहुणे आले की मुलगाच म्हणायचा, "आण्णा, चुडाव्याची सांगा." मी सांगायचो, गुरांपाशी सगळे हसायचे. घरात माझ्या तोंडून निघालेली बहुतेक तेवढीच एक मजेची गोष्ट असावी. पण त्या दिवशी मला मजा वाटली नव्हती. गाडी उभी होती म्हणून निभावलं. नोकरी जाण्याची भीती पोटात घेऊन मी घरी आलो. झोप का होत नाही, याचं कारण घरात होतं. ते रडत होतं.

आम्ही रेल्वेच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. माझी ड्यूटी बहुतेक रात्रीची असे, त्यामुळे झोप दिवसाची. सकाळी यायचं, खायचं, झोपायचं. संध्याकाळी ड्यूटीचा कॉल, म्हणजे बोलावणं, घेऊन माणूस यायचा, त्याच्या वहीत सही केली की निघायचं. त्या दिवसाच्या झोपेला आम्ही रेस्ट म्हणत असू आणि रेस्ट म्हणजे आमच्या कॉलनीत देवपूजेसारखी गोष्ट होती. कुणी दार वाजवू नये म्हणून मी एक जुनी, कड फाटलेली लाल झेंडी दाराच्या कडीत अडकवून ठेवायचो. ती दिसली की भाजीवाली ओरडत नसे, शेजारीण हाक मारत नसे, पोरं गोट्या खेळायला पलीकडच्या ओळीत जात. सगळे ऐकायचे. माझा मुलगा तेवढा ऐकत नव्हता.

बायको बोरीची, शेतकऱ्याच्या घरातली. तिच्या माहेरी दहा-बारा माणसं, बैलं, कोंबड्या, सगळा गलका. तिच्या मते लेकरू रडणारच. माझ्यासाठी ती त्याला घेऊन बाहेर जायची आणि पाण्याच्या टाकीखालच्या सावलीत दोन-दोन तास बसायची. एप्रिल-मे आला तशी टाकीखालीही उन्हाची झळ यायला लागली. त्याच सुमारास चुडाव्याचा प्रकार झाला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी दवाखान्यात जाऊन मला खोकला आहे असं सांगितलं. खोकला नव्हता. दोन-तीनदा खोकून दाखवलं. औषध मिळालं. त्या औषधानं गुंगी येते हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, ड्यूटीवर जाताना ते घेऊ नका असं आम्हाला बजावलेलं असे. म्हणजे मला ते अजाणता मिळालेलं नव्हतं.

पहिल्यांदा मी माझ्या हातानं पाजलं. बाटलीच्या झाकणात निम्मं घेऊन. बायको दारात उभी होती.

"काय पाजायलाव त्याला?"

"खोकल्याचं हाय. लहान लेकरांला बी देतात."

"त्याला कुठं खोकला हाय?"

"झोप लागंल जरा. दोघांलाही."

मुलगा झोपला. मीही झोपलो. इतकी गाढ झोप मला लग्नानंतर लागली नव्हती. उठलो तर बायको त्याच्या नाकापाशी बोट धरून बसली होती, श्वास बघत. ती किती वेळ तशी बसली होती, मी विचारलं नाही.

नंतर मी ते काम तिच्यावर सोपवलं. ती नाही म्हणाली. मी म्हणालो, गाडीखाली माणसं मेली तर कुणाला जाब द्यायचा? माझ्या भरवशावर शंभर पोती नव्हेत, शंभर माणसांचा जीव असतो. हे खोटं होतं, मालगाडीत माणसं नसतात. पण ती पाजायला लागली. किती दिवस, यावर आमचं आजही एकमत नाही. मला ते चार महिने वाटतात. ती म्हणते सात वेळा. मला तिचं खरं वाटत नाही, आणि माझंही वाटत नाही.

मुलगा मोठा झाला तो गप्प. रांगतानाही त्याचा आवाज नसे. कडीत झेंडी दिसली की तो चप्पल हातात घेऊन घरात यायचा. ताट उचलताना वाजू नये म्हणून दोन्ही हातांनी उचलायचा. कॉलनीत त्याचं कौतुक होत असे. "लेकरू घरात हाय हे कळत बी न्हाई." माझ्या थोरल्या बहिणीनं तर आपल्या नातवंडांना त्याचं उदाहरण दिलं. मीही लोकांना सांगायचो की मुलाला आजवर बोट लावावं लागलं नाही, नुसतं बघितलं तरी पुरतं. मला वाटायचं हेच चांगलं बापपण. माझ्या बापानं मला चाबकानं मारलं होतं, मी मारत नव्हतो.

तो पंधरा-सोळा वर्षांचा झाला तेव्हा पलीकडच्या खोलीचं दार लावून अभ्यास करायला लागला. एक दिवस मी रेस्ट संपवून उठलो तर झेंडी माझ्या दाराला नव्हती. त्याच्या दाराला होती. मला हसू आलं, अभिमानही वाटला. बायकोला म्हणालो, "गार्डाचा पोरगा शोभतो." ती म्हणाली, "दिवसाढवळ्या चार-चार तास झोपतंय ते. जरा बघा." मी म्हणालो, "वाढतं वय हाय. झोपू दे."

तो वीस वर्षांचा होता, परभणीला शिकायला जात होता, तेव्हा एका मार्च महिन्यात बायकोनं कूलरचं जुनं गवत बदलायला काढलं. बाजूची जाळी उघडली तर आत टाकीत खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या. हिवाळाभराच्या. तिनं एकेक काढून ओसरीत फरशीवर मांडल्या. एकतीस. सकाळचे अकरा वाजले असतील आणि मी आत झोपलो होतो. दाराला झेंडी होती.

तिनं मला उठवलं नाही. तीन तास ती त्या बाटल्यांजवळ बसून राहिली. त्या तीन तासांत मुलगा घरी आला. त्यानं बाटल्या बघितल्या. ती म्हणाली, "बस जरा. आण्णा उठू दे." तो बसला नाही. चप्पल हातात घेऊन, आवाज न करता, आला तसा गेला. नऊ दिवस त्याचा पत्ता नव्हता.

मी उठलो तेव्हा ती म्हणाली, "तुमाला उठवायला पायजे होतं का?"

बावीस वर्षं मी तिला शिकवलं होतं की उठवू नये. मी म्हणालो, "मग, उठवायचं की." त्याच संध्याकाळी तिनं ती झेंडी फाडून पुसणं केलं.

नंतरची वर्षं मी थोडक्यात सांगतो, कारण ज्यांच्या घरी हे झालं त्यांना ठाऊक आहे आणि ज्यांच्या घरी नाही त्यांना सांगून कळत नाही. औषधाच्या बाटल्यांवरून तो झोपेच्या गोळ्यांवर गेला. घरातलं पितळी भांडं गेलं, माझं घड्याळ गेलं. एका व्यसनमुक्ती केंद्रात पाच महिने राहून आला, वर्षभरानं पुन्हा घसरला. दुसऱ्यांदा गेला आणि सुधारून आला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता, मी निवृत्त झालो होतो, आणि आम्ही कॉलनी सोडून गावात घर घेतलं होतं.

त्या दुसऱ्या वेळी मात्र एक नवीन गोष्ट झाली. तो माझ्याशी बोलायला लागला. केंद्रात त्यांना सांगितलं होतं म्हणे, की तलफ आली की एका माणसाला फोन करायचा. त्यानं तो माणूस म्हणून मला निवडलं. का, हे मला आजही कळत नाही. तो परभणीला खोली करून राहत होता; जास्त करून दुपारी तीनच्या सुमाराला तिथून फोन यायचा. तो एवढंच म्हणायचा, "आण्णा, काय करायलाव?" मला कळायचं. मग आम्ही गाड्यांबद्दल बोलायचो. आता कुठली गाडी कुठं पोचली असेल, कुठं क्रॉसिंग पडेल. मी पाठ असलेली स्टेशनं सांगत जायचो. पंधरा-वीस मिनिटांनी तो म्हणायचा, "बरं, ठिवतो." इतक्या वर्षांत बाप-लेक म्हणून आमचं झालेलं बोलणं एवढंच. पण ते होत होतं.

तो केंद्रातून येऊन दोनच आठवडे झाले होते तेव्हा, तो घरी आलेला असताना, माझी थोरली बहीण त्याला बघायला आली. मुलगा लहान असताना ती आमच्या क्वार्टरमध्ये महिनाभर राहिलेली होती. जेवणं झाली. आम्ही चौघं ओसरीत बसलो होतो. तिनं सुपारी कातरत कातरत सांगून टाकलं.

"मला तर तवाच वाटलं होतं. ह्याला चटक आत्ताची न्हाई. ह्याच्या आईनंच लावली. मी डोळ्यानं बघितलंय, पाच महिन्याच्या लेकराला खोकल्याचं औषध पाजायची. खेड्यातल्या बायांची जुनी खोड. आधी अफूचं बोट चाटवून वावरात जायच्या, हिनं बाटली धरली."

मुलानं आईकडे बघितलं. "खरंय का?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मला वाटतं तिनं एक-दोन श्वासांपुरती वाट बघितली. मी कातरलेली सुपारी उचलली आणि तोंडात टाकली. एवढंच केलं. मग ती म्हणाली, "पाजत होते."

"कशाला?"

"तू झोपत नव्हतास म्हणून."

तेवढ्यावर विषय संपला आणि त्या दिवसापासून मुलगा तिच्याशी कामापुरतं बोलायला लागला. तिचं माहेर बदनाम झालं ते वेगळंच. तिच्या घरी कुणी कधी अफू चाटवल्याचं मला माहीत नाही. पण बोरी हे खेडं आणि मी रेल्वेचा माणूस, त्यामुळे सगळ्यांना ते पटलं. गेली सहा वर्षं नातेवाइकांत ठरून गेलं आहे की आईनं बिघडवलं आणि बाप बिचारा नोकरीत होता.

मी का बोललो नाही? मला दोन कारणं देता येतात आणि त्यातलं खरं कोणतं ते ठरवता येत नाही. एक, मी भ्यालो. दुसरं, बोललो असतो तर दुपारचा फोन बंद झाला असता आणि तो बंद झाला तर मुलगा कुठं जाईल, हे मी एकदा बघितलेलं होतं. दुसरं कारण चांगलं दिसतं. म्हणूनच मला त्याचा संशय येतो.

दोन वर्षांपूर्वी मी एकटाच एका डॉक्टरांकडे गेलो. विचारलं, "साहेब, पाच महिन्यांच्या लेकराला असं औषध पाजलं, तर वीस वर्षांनी त्याला त्याचीच सवय लागते का?" ते म्हणाले, तसं करणं धोक्याचंच होतं, लेकरू दगावलंही असतं. पण पुढचं व्यसन त्यानंच लागलं असं त्यांना म्हणता येणार नाही. मी विचारलं, "मग कशानं लागलं?" ते म्हणाले, "काका, अनेक गोष्टी असतात. घर असतं, सोबत असते, स्वभाव असतो. घरात मोकळं बोलणं होतं का तुमच्या?"

मी म्हणालो, "मी झोपलेला असायचो."

त्यांनी ते काही लिहून घेतलं नाही. मला वाटलं होतं की लिहितील. अनेक गोष्टी असतात, हे उत्तर घेऊन मी परत आलो. माझ्या कागदावर तसं लिहिलं असतं तर तो परत आला असता, कोणती गोष्ट किती मिनिटं, असं विचारत.

मी माझ्यापरीनं शोधलं. कॉलनीत आमच्या शेजारी एक ड्रायव्हर होता. दारू पिऊन यायचा, पोरांना पट्ट्यानं मारायचा, शिव्या पलीकडच्या ओळीत ऐकू यायच्या. त्याची तिन्ही पोरं धड निघाली. एक मास्तर आहे. पलीकडे एक क्लार्क होता, तो मुलांबरोबर कॅरम खेळायचा, संध्याकाळी हसण्याचे आवाज यायचे. त्याचा मुलगा माझ्या मुलाबरोबरच बाटल्या प्यायचा आणि तो आज कुठं आहे हे कुणाला माहीत नाही. मग मारणं बरं की हसणं बरं? मी लाड केले नाहीत, मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. मी फक्त घर शांत ठेवलं. घर शांत ठेवणं हा गुन्हा असेल तर सगळी रेल्वे कॉलनी गुन्हेगार आहे. आणि नसेल, तर मला रोज दुपारी झोप का लागत नाही?

लग्न होऊन त्याला मुलगी झाली तेव्हा मला वाटलं की आता मुलगा विरघळेल. झालं उलट. लेकरू आजीपासून लांब राहील, असं त्यानं सुनेला पहिल्याच दिवशी बजावलं. सून मला म्हणाली, "मामा, मी काय करू? त्यांच्यापुढं बोलायची सोय न्हाई." मी म्हणालो, "करतो ते बरोबरच असंल." हे मी म्हणालो.

गेल्या महिन्यात एका रविवारी, जेवणं झाल्यावर, नात रडायला लागली. दात येत असतील. सून मागं धुणं वाळत घालत होती. मुलानं नातीला उभं धरलं, आडवं धरलं, खिडकीपाशी नेलं. ती थांबेना. बायको उंबऱ्यावर उभी राहिली. हात पुढं आले आणि तिनं ते पदरात गुंडाळले. मुलगा तिच्याकडे पाठ करून म्हणाला, "न्हाई, राहू दे. तुला झोपवायचं लय माहीत हाय."

तो हसतच म्हणाला. बायको आत गेली. आणि मी बोललो.

"तुला औषध आईनं पाजलं न्हाई. मी आणलं, मी पाजलं. मग तिला पाजायला लावलं. मला झोप लागंना म्हणून."

नात रडतच होती. मुलानं माझ्याकडे बघितलं नाही. तो तिच्या पायातला सुटलेला मोजा चढवत होता.

"कोणतं औषध?" त्यानं विचारलं.

मला नाव आठवत होतं, मी सांगितलं. जुन्या ओळखीच्या माणसाचं नाव निघावं तशी त्यानं मान हलवली.

"किती?"

"झाकणाचं निम्मं."

"कवापर्यंत?"

"चार महिने असतील."

आतून बायकोचा आवाज आला. "सात येळा. मी मोजलंय."

तो उंबऱ्यापाशी गेला. सहा वर्षांत त्यानं तिला सरळ प्रश्न विचारलेला मी ऐकला नव्हता. "मग आत्या बोलली तवा तू गप का बसलीस?"

तिनं भांडं घासायचं थांबवलं नाही. "तू ह्यांच्याशी बोलायला लागला होतास. पहिल्यांदाच. रोज फोनवर. ते मोडू दिऊ म्हणतोस? दोघांतला एक तर राहू दे म्हणलं तुला."

मुलानं नातीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाला, "चुडाव्याला गुरं लिवलाव ना तुमी, आण्णा. तसंच हे."

सुनेला त्यानं हाक मारली. दुपारच्या गाडीला दीड तास होता, तरी ते स्टेशनावर गेले.

ते गेल्यावर मला वाटलं होतं की बायको रडेल किंवा निदान माझ्याजवळ बसेल. ती भांडी पालथी घालून आली आणि म्हणाली, "आता कशाला सांगितलाव?"

"तुझ्यावरचं जावं म्हणून."

"माझ्यावरचं जावं म्हणून सहा वर्षांपूर्वी सांगायचं होतं. तवा मी तुमच्याकडं बघितलं होतं. आता मला सवय झाली होती. तीन वाजता पोरगा कुणाला फोन करंल, त्याचा इचार केलाव का?"

केला होता आणि नव्हता. मी म्हणालो, "मलाच करंल." ती म्हणाली, "करंल."

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. फोन नाही. दुपारी तीन वाजले की मी मोबाइल हातात घेऊन बसायचो आणि ती मुद्दाम काहीतरी निवडत समोर बसायची. दोघांच्याही मनात तेच होतं, की फोन नाही तर आता बाटली. सुनेला फोन करून विचारावं तर काय विचारावं? तिसऱ्या रविवारी ते आले. दारातच मुलानं नातीला आपल्या आईपुढं धरलं आणि म्हणाला, "धर हिला." एवढंच. बायकोनं हात आधी पदराला पुसले, मग पुन्हा पुसले. नात तिच्याकडे गेली आणि लगेच रडायला लागली, कारण तिला तो वास, ते हात माहीत नव्हते. बायको तिला घेऊन अंगणात फिरत राहिली. रडणं गल्लीभर ऐकू जात होतं. तिनं एकदाही "गप" म्हटलं नाही.

माझ्याशी मुलगा बोलला नाही. ताटावर बसल्यावर आईला म्हणाला, "आण्णांला भात पायजे का बघ." मी समोरच होतो.

हे सगळं लिहायला घेतलं तेव्हा वाटलं होतं की शेवटी कारण सापडेल आणि ते माझ्या नावावर लिहून मी मोकळा होईन. तसं झालं नाही. औषध माझं, हे लिहिलं. गप्प बसणं माझं, हे लिहिलं. पण बाटल्या कूलरमध्ये का गेल्या, याचं सगळं उत्तर त्यात येत नाही, आणि येत नाही म्हणून मी सुटतो असंही नाही. बायकोला विचारलं, "सात लिहू की चार महिने?" ती म्हणाली, "सातच हाय." दोन्ही लिहून ठेवले आहेत.

काल दुपारी मी आतल्या खोलीत डोळे मिटून पडलो होतो. बाहेर बायकोचा फोन वाजला. तिचा फोन दुपारी कधी वाजत नाही. तिनं घेतला आणि म्हणाली, "काय न्हाई, शेंगा फोडायले. तू काय करायलास?" मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तीनला पाच कमी होती.

तिला गाड्या माहीत नाहीत. ती शेंगांबद्दल बोलली, शेजारच्या कोंबडीबद्दल बोलली, नातीच्या दाताबद्दल विचारलं. मग जरा थांबली. पलीकडून काय विचारलं गेलं मला ऐकू आलं नाही. "तुझे आण्णा झोपलेत," ती म्हणाली, आणि आवाज अजिबात कमी न करता तिथूनच मला हाक मारली.

"अहो, आता मनमाडकडं जाणारी गाडी कुठं पोचली असंल?"

हे त्यानं विचारलं होतं की तिनं आपल्या मनानं, मला माहीत नाही. मी उठून बसलो आणि सांगितलं.